लाल रुमालाखालचा ट्रे

मी, खाली सही करणारी, वय ५४ वर्षे, व्यवसाय बालवाडी चालवणे, राहणार बालवाडीच्याच वरच्या मजल्यावर, समक्ष पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

माझ्याकडे तीन ते पाच वर्षांची बारा मुले आहेत. दर शुक्रवारी मी त्यांच्याकडून बिस्किटे करून घेते. पीठ मळणे, लाटणे, साच्याने कापणे ही कामे मुलांची. ओव्हन माझा. गरम ट्रेवर मी लाल रुमाल टाकते. रुमाल आहे तोवर ट्रेला हात लावायचा नाही, रुमाल निघाला की खायचे, हा नियम. सहा वर्षांत तो कोणी मोडला नाही, म्हणून ट्रे मी बिनधास्त मुलांच्याच टेबलावर ठेवत असे.

आज सकाळी सव्वाअकराला मी ट्रे काढून टेबलावर ठेवला व रुमाल टाकला. हे मला पक्के आठवते. दारात एक पालक आले म्हणून मी दोन मिनिटे तिकडे गेले. मदतनीस मावशी मोरीत भांडी घासत होत्या. रडणे ऐकून आत आले तेव्हा चार वर्षांच्या गुंड्याची चार बोटे भाजलेली होती. रुमाल खुर्चीवर होता, कोपऱ्याला कोपरा लावून घडी केलेला. अशी घडी मावशीच घालतात, असे मला वाटले. मुलांनाही मीच ती शिकवली आहे, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

मी सगळ्यांदेखत खापर मावशींवर फोडले. त्या एवढेच म्हणाल्या, "बाई, माझे हात साबणाचे आहेत. रुमाल कोरडा आहे, बघा तरी." मी बघितला नाही. गुंड्याच्या वडिलांनी माझ्या शब्दावर मावशींविरुद्ध तक्रार दिली.

दुपारी गुंड्याची मैत्रीण चिमणी मला म्हणाली, "त्याला भूक लागली होती, म्हणून मी ट्रे गार केला." कसा, असे विचारले. "रुमाल काढला ना," ती म्हणाली.

तिने नियम मोडला की पाळला, हे मला अजून कळत नाही. रुमाल कशासाठी, हे मी मुलांना कधी सांगितलेच नव्हते. हवालदारसाहेब विचारतात, नाव कोणाचे लिहू. चिमणीचे लिहू नका. माझे लिहा, पण मी नेमके काय केले म्हणून लिहायचे ते मला सांगता येत नाही. मला फार लाज वाटते.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. तो मावशींनाही वाचून दाखवावा. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत.