अस्वलाचा आवाज

अमरावतीत डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. मोतीबिंदू काढलेल्या, डोळ्याला पट्टी बांधलेल्या हलीमाबी आणि पिशवीत नवी पुस्तकं घेऊन आलेल्या त्यांच्या शेजारीण गोदाताई.

“आज दुसऱ्याबी डोळ्याची पट्टी निघते. आता दुपारी मी वाचून दाखवाची गरज नाही. हे घे, सारे यंदाचेच पुस्तकं हायेत. तुह्ये तूच वाच.”

“कोणते आणले?”

“ही कादंबरी. पातूरकडच्या एका मास्तरणीची हाय. मी एका बैठकीत संपवली.”

“माह्याशिवाय वाचली?”

“तुले आवडते का, ते पाहाले वाचली. अन् हे अध्यात्माचं. मन शांत कसं ठेवावं, ते सांगते.”

“झोप लागली असंन तुले.”

“दुसऱ्याच पानावर. पण लिहिलं चांगलं हाय.”

“आन् हे पातळ?”

“तुह्या नातीसाठी, अलीझासाठी. अस्वलाले शाळेत जायचं असते, पण सारे त्याले भेतात. अक्षरं मोठे हायेत, तूच वाचून दाखव तिले.”

“अस्वल बोलते कसं?”

“इथं कसं सांगू? लोक बसले हायेत.”

“हळूच सांग ना.”

गोदाताई हलीमाबींच्या कानाशी वाकून जाड आवाजात गुरगुरल्या, “मलेबी पाटी पायजे!”

हलीमाबींनी ओढणी तोंडाला लावली. हसू काही थांबेना.

“हलीमाबी, आत या,” नर्सनं हाक मारली.

“जाय. सांभाळून.”

“डोळा सुधरंन गोदाताई, पण असं गुरगुरता मले कुठं येते? उद्या दुपारी टायमावर ये.”