आत्याबाईंचं घोंगडं

निपाणीच्या बसस्टँडवर विनोदिनीबाईंना चिंचोक्याच्या खळीचा वास आला. त्यांच्या लहानपणी नव्या घोंगड्याला असाच वास यायचा, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. मागच्या बाकावर एक तरुण बाई घोंगड्यात गुंडाळलेलं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या ओळखीची एक म्हातारी येऊन तिच्या शेजारी टेकली.

"एवढ्या उन्हात घोंगडं गं, सुविधा?"

"दुकानातल्या ब्लँकेटनं घामोळं उठतंय, आक्का. लोकरीत कसं गाढ झोपतंय."

"झ्याक हाय. कुणी विणलं?"

"सदलग्याच्या म्हाताऱ्यानं. आत्याबाईंचं हाय."

"तुझ्या सासूचं? अगं, मयताचं घोंगडं मयतासंगं धाडत्यात!"

"मीच ठिवून घेतलं. एवढी चांगली लोकर, अजून लई वर्सं टिकंल म्हटलं."

"पर ती बाई ताडागत उंच. तिचं घोंगडं एवढंसं कसं? कापलंस व्हय?"

"न्हाय."

"मग गरम पाण्यात बुचकाळलं असशील. लोकर आटती."

"पाणी दाखवलंच न्हाय. त्या गेल्यापास्नं रोज आपआप आटतंय."

"येडी का खुळी तू! सोड आधी. लेकराला वारं लागू दे."

"सोडलं असतं की. पर कालपास्नं त्याची कडच घावंना, आक्का. म्हणून तर विणणाऱ्याकडं न्यायला लागलेय. जरा तुमी हात लावून बघता?"

"मी न्हाय बाई हात लावत. लेकरू रडत न्हाय?"

"सकाळपतुर रडत हुतं. आता घोरतंय. ऐका की, आत्याबाईंगत."