भिंगाचा दोष

ताई : मला एवढंच सांगा, दोष काचेचा आहे की याचा?

कारागीर : बाई, आधी बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय माझ्यासारखाच अधू आहे. इकडे खुर्चीवर बसा.

धाकटा : ताई, मी बोलतो ना. काका, मी फोन केला होता बघा. पंच्याऐंशी एमएमची जुनी लेन्स. हिची रिंग आपोआप सरकते, म्हणून फोकस चुकतो.

कारागीर : आपोआप? सरकताना बघितलीत?

धाकटा : बघितली असं नाही. पण चौसष्ट फोटो काढले आणि एकातही चेहरा धड नाही. दुसरं काय असणार?

ताई : आमच्या आईचे आहेत ते फोटो. ती गेली, त्याला उद्या सात आठवडे होतील. आणि भिंतीवर लावायला आमच्याकडे एक फोटो नाही.

कारागीर : एकसुद्धा नाही?

ताई : ओळखपत्रावरचा आहे. त्यात ती चोरीत पकडल्यासारखी दिसते. आणि एक मावसबहिणीच्या लग्नातला, त्यात अर्धी खांबामागे. जन्मात कधी फोटो काढू दिला नाही हो तिनं. कॅमेरा निघाला की हिला स्वयंपाकघरात काम निघायचं. एकदाची, एकदाची म्हणून बसली याच्यासमोर, तर यानं हे डबडं आणलं.

धाकटा : डबडं नाहीये ते.

ताई : जुन्या बाजारातून आणलंस. शेजारी चपलांचा ढीग होता, हे तूच सांगितलंस.

कारागीर : बघू, द्या इकडे. हं… डबडं नका म्हणू बाई, हे साधारण माझ्या वयाचं आहे, मला लागतं. काच स्वच्छ आहे. बुरशी नाही, पात्यांवर तेल नाही. कॅमेरा मात्र अगदी नवा. आणि ही मधली कडी?

धाकटा : अडॅप्टर. त्याशिवाय जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसत नाही.

कारागीर : ते माहीत आहे हो. सासू जुन्या वळणाची, सून नव्या वळणाची, मध्ये हा बिचारा.

धाकटा : तोच ढिला असेल का?

कारागीर : थांबा. …नाही. गच्च बसलाय. आता तुम्ही रिंग फिरवा बरं.

धाकटा : फिरवली.

कारागीर : किती बोटं लागली?

धाकटा : तीन.

कारागीर : आतलं ग्रीस वाळलंय. हे भिंग वर्षभर उलटं टांगून ठेवा, रिंग केसभर हलायची नाही.

धाकटा : पण उन्हानं गरम झाली तर…

ताई : कसलं ऊन? गॅलरीत सावली होती. सकाळचे दहा वाजले होते.

कारागीर : भांडू नका, आत्ताच कळेल. ही पट्टी तिरकी ठेवतो. फोकस करतो बाराच्या आकड्यावर. काढला. बघा, काय स्पष्ट आलं?

ताई : बारा.

कारागीर : आता पाच मिनिटं हात न लावता ठेवू… पाच नको, मला धीर नाही. दोन. …काढला. काय आलं?

ताई : बारा.

कारागीर : भिंगात खोट नाही.

ताई : ऐकलंस? सात आठवडे मला सांगतोय, ताई लेन्स खराब निघाली, ताई लेन्स खराब निघाली. मी त्याच दिवशी म्हटलं होतं, फोनवर काढ. एक फोनवर काढ आणि मग कर तुझे खेळ.

धाकटा : फोनवर तिला आवडला नसता. काका, तुम्हाला कळेल मी काय म्हणतो ते. आजकालच्या लेन्स सगळं दाखवतात. सुरकुती न् सुरकुती कोरून काढतात. तिला भीती त्याचीच होती. म्हातारी दिसते म्हणायची, नको. या जुन्या काचेत प्रकाश जरा पसरतो. माणूस मऊ दिसतं. मी तिला ऑफिसातल्या एकाचा फोटो दाखवला याच लेन्सनं काढलेला. साठीचा माणूस. ती बघत बसली. म्हणाली, हे बरं आहे, यात मी बसेन.

कारागीर : आतली पाती पूर्ण उघडी ठेवली होतीत? दोनच्या आकड्यावर?

धाकटा : हो. मागची कुंड्यांची रांग विरघळावी म्हणून.

कारागीर : अंतर?

धाकटा : अडीच-तीन हात. सव्वा मीटर धरा.

कारागीर : मग फोकसला बोटभरच जागा मिळते, बाई. म्हणजे डोळा स्पष्ट असला तर कान नाही. पुढच्या-मागच्याला माफी नाही. शिकलेल्या माणसाचंही चुकतं त्यात.

ताई : हा शिकलेला नाही. हा इमारतींचे नकाशे काढतो. कॅमेरा रविवारचा.

धाकटा : मी संगणकावर दुरुस्त करून बघितले, काका. हल्ली धूसर चेहरा साफ करून देतात ना, तसलं. त्यानं डोळे दिले, पापण्या दिल्या, सगळं दिलं.

ताई : मला आणून दाखवला. मी विचारलं, या बाई कोण?

कारागीर : काचेतून जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून काढणार? ते आपलं मनानं रचून देतं. …फोटो आणलेत? कार्ड आहे का कॅमेऱ्यात?

धाकटा : आहे. पण काही उपयोग नाही, मी शंभरदा बघितलेत.

कारागीर : तुम्ही चेहरा शोधत बघितलेत. मी फोकस कुठे पडलाय ते बघेन. ते वेगळं असतं.

(कारागीर कार्ड संगणकाला लावतो. तिघंही पडद्यासमोर येतात.)

ताई : ही बघा. ही आमची आई.

कारागीर : हं. छान बसल्यात. आता इथे… कानातलं स्पष्ट आहे. पुढचा. कानामागचे केस. पुढचा. खांद्याची शिवण.

ताई : ती मी घातलेली. मी शिवणकाम करते. टाके मोजता येतात बघा, आणि चेहऱ्याच्या जागी धूर.

कारागीर : पुढचा. परत केस. परत कानातलं. आणि परत केस… अहो, गंमत आहे ही. फोटो भराभर काढलेत तुम्ही?

धाकटा : फोकस बसतच नव्हता. मग म्हटलं बटण दाबून धरू, एकात तरी नीट येईल. सेकंदाला पाच निघतात.

कारागीर : आणि मध्ये रिंगला हात लावलात?

धाकटा : नाही. स्क्रीनवर तिचा डोळा मोठा करून बघितला, फोकस बसवला, आणि बटण दाबलं.

कारागीर : कॅमेरा हातात?

धाकटा : स्टँडवर.

कारागीर : मग सुटलं की कोडं! भिंग जागेवर, कॅमेरा जागेवर, रिंग घट्ट. हलणारी वस्तू उरली एकच. तुमची आई हलत होती. एका लयीत, पुढे-मागे, पुढे-मागे. थांबा, सगळे एकापाठोपाठ पळवतो, सिनेमासारखे. …दिसलं? हे बघा, डोलतायत. तुमचाही दोष नाही अन् काचेचाही नाही. वय झालं की माणूस बसल्या बसल्या डोलतं.

ताई : आई डोलायची नाही.

कारागीर : नकळत होतं हो. मोजू का? एक… दोन… तीन… चार… पाच… सहा… सात. चौसष्ट फोटो, म्हणजे तेरा सेकंद. तेरा सेकंदांत सात हेलकावे. मिनिटाला तीसच्या वर.

ताई : मिनिटाला तीस.

कारागीर : बत्तीसेक. घड्याळासारखे.

ताई : हात बघ रे तिचे.

धाकटा : ताई…

ताई : बघ ना. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवलेत. पुढे वाकून बसलीय. तू तिला टेकून बस म्हणालास, आठवतंय? ती टेकली, तू फोकस बसवलास आणि बटण दाबायच्या आत ती पुढे आली. तू म्हणालास, आई, हलू नको गं.

कारागीर : काय झालं? माझं काही चुकलं का?

ताई : नाही. तुमचं बरोबर आहे. हे फोटो रविवारचे. त्याच आठवड्यात गुरुवारी पहाटे तिला दवाखान्यात नेलं. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, धाप कधीपासून लागते? आम्ही म्हटलं, कालपासून. ते म्हणाले, कालची नाही ही, तीन-चार दिवस आधी आणायला हवं होतं. आम्ही शपथेवर सांगितलं, नाही हो, रविवारी तर चांगली होती. फोटोला बसली होती.

धाकटा : चांगलीच होती. बोलत होती.

ताई : काय बोलत होती?

धाकटा : काहीतरी. कुंड्यांना पाणी…

ताई : पूर्ण वाक्य बोलली का एक तरी?

कारागीर : बाई, एक मिनिट ऐका. मी घाईनं बोललो. ही रिंग… जुन्या भिंगाचं काही सांगता येत नाही. आतला एखादा स्क्रू सैल असला तर असंच दिसतं. खोलून बघावं लागेल.

ताई : आत्ताच म्हणालात केसभर हलायची नाही.

कारागीर : म्हणालो. माणूस बोलतो काही तरी.

ताई : राहू द्या, काका. तुम्ही चांगले आहात. पण मी पट्टी बघितली. दोन्ही वेळा बारा.

धाकटा : डोळा येत होता आणि जात होता.

ताई : काय?

धाकटा : स्क्रीनवर. मी दहापट मोठं करून बघत होतो. अख्ख्या स्क्रीनवर तिचा एकच डोळा. तो स्पष्ट व्हायचा आणि पुसट व्हायचा. स्पष्ट व्हायचा, पुसट व्हायचा. मला वाटलं रिंग सरकतेय. मी रिंगला शिव्या घातल्या, तू ऐकल्यास. मी… ताई, मी तिचा श्वास बघत होतो. पाऊण तास. समोर बसून बघत होतो आणि मला वाटत होतं लेन्स खराब आहे.

ताई : पाऊण तास.

धाकटा : एकदाही मान वर करून बघितलं नाही मी. पापणीचा केस न् केस बघितला. आई नाही बघितली.

कारागीर : पाणी घ्या. घ्या हो. कुणालाच नसतं कळलं. मी पन्नास वर्षं हेच करतोय, मला तरी कळलं का? मी तर गंमत आहे म्हणालो.

धाकटा : तुम्ही तिला ओळखत नव्हता.

ताई : मी ओळखत होते. मी त्याच घरात राहते. मला ती दोनदा म्हणाली, आत जाऊ का गं? मला वाटलं, नेहमीचं नाटक, फोटो टाळतेय. मीच म्हटलं, बस गं, तो तीन महिन्यांनी आलाय, तेवढ्यासाठी लेन्स आणलीय त्यानं. हौस आहे त्याची. आणि ती बसली. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बसली ती.

धाकटा : तू मला का नाही सांगितलंस ती आत जाऊ म्हणाली ते?

ताई : कशाला सांगायचं? तुझी लेन्स खराब होती ना. ते मला पुरत होतं. सात आठवडे तुझ्यावर ओरडून माझं भागत होतं.

धाकटा : मग अजून ओरड.

ताई : आता काय ओरडू?

कारागीर : भिंग… हे मी ठेवून घेऊ का? म्हणजे तुम्हाला घरी न्यावंसं वाटत नसेल तर. इथे पडून राहील, कुणाला देणार नाही.

धाकटा : ठेवा. फेकून द्या. काहीही करा.

कारागीर : आणि कार्डावरचे हे? पुसू नका हं घाईत. आज वाटतं पुसावेत. पुसू नका.

धाकटा : काय करायचंय ठेवून? एकात चेहरा नाही. भिंतीवर ओळखपत्रातलाच लावू मोठा करून. चल ताई. काका, तुमचा वेळ घेतला.

ताई : थांब.

धाकटा : चल ना.

ताई : काका, मघाशी पळवलेत ना सगळे, सिनेमासारखे? परत पळवा.

कारागीर : बाई, तेच आहे ते. कशाला?

ताई : पळवा.

कारागीर : …हे घ्या. तेरा सेकंद आहेत. …संपलं.

ताई : परत.

धाकटा : ताई, पुरे.

ताई : जिवंत आहे ती यात. श्वास घेतेय. कसा का असेना, घेतेय. लावा, काका.

कारागीर : लावतो. तुम्ही म्हणाल तितक्यांदा लावतो.

धाकटा : ताई, मला हे बघवत नाही गं.

ताई : मग जरा सरक. तुझं डोकं मध्ये येतंय.