जिताड्याने नाकारलेले डोळे

गळाला लावायच्या माझ्या नकली मासोळ्यांना एकदा मोतीबिंदू झाला होता. हसू नका, खरंच.

पिसं आणि दोरा गुंडाळून त्या मी घरीच करतो. शेवटी प्लॅस्टिकचे चमकदार डोळे चिकटवायचे. कंपनीतले सावंत म्हणाले होते, "दोन ट्यूबवाला इपॉक्सी लाव. सुकायला दिवस जाईल, पण काम एकदम पक्कं."

दुसऱ्या दिवशी रविवार, खाडीवर जायचं, मला कुठला धीर! दहा सेकंदांत चिकटणारा सुपर ग्लू लावला, बाराही मासोळ्या डब्यात घातल्या आणि झाकण घट्ट लावलं.

खाडीवर डबा उघडतो तर काय, आत कोंडलेल्या ग्लूच्या वाफेने सगळे डोळे दुधासारखे पांढरे! तरी हट्टाने चार तास गळ टाकत बसलो. शेजारच्याला दोन जिताडे लागले. मला एकही नाही.

येताना कोपरखैरण्याच्या बाजारात आमच्या नेहमीच्या कोळीणमावशींकडे थांबलो. सवयीने एक बोईट उचललं आणि ताजं आहे का म्हणून त्याचा डोळा बघितला.

मावशी म्हणाल्या, "खारीवर गेलतास ना? काय गावला?"

मी डबा पुढे केला. त्यांनी एक मासोळी उचलली, अगदी माझ्यासारखीच उजेडात धरून बघितली आणि परत डब्यात टाकली.

"पांढऱ्या डोल्याचा मासा तू माझ्याकडनं कवा घेतलास का? मंग जिताडा शिला माल कशाला घेल?"