जोशी मॅडमचं नोटबुक

सॉफ्टवेअरच्या नोंदीवर तुमचा फार विश्वास असेल, तर हे ऐकाच. आमच्या कर्वेनगरच्या ऑफिसात मशीन लर्निंगचा प्रत्येक प्रयोग एका सॉफ्टवेअरमध्ये नोंदला जातो. लॉगिन सगळ्यांचं एकच. कोडच्या फाइलला आम्ही नोटबुक म्हणतो. तर ते सॉफ्टवेअर सारखं कुरकुरायला लागलं, ‘नोटबुकचं नाव सापडत नाही.’ जोशी मॅडमनी कोडमध्ये एक ओळ लिहून नाव हातानेच देऊन टाकलं आणि त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. आम्ही चौघांनी ती ओळ जशीच्या तशी उचलली. कुरकुर थांबली. ओळ पूर्ण वाचायची गरज कोणालाच वाटली नाही.

सहा महिन्यांनी साहेबांनी मीटिंगमध्ये नोंदी उघडल्या. “सगळे प्रयोग ‘जोशी नोटबुक’मध्ये. बाई रजेवर असून रोज काम करतायत. आपण चौघं नक्की काय करता?”

मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. “साहेबांना जरा खरं काय ते सांगता का?”

“अहो, गेल्या आठवड्यात त्यांनी कौतुक करायला फोन केला, तेव्हाच सांगितलं. म्हटलं, यातलं काहीही मी केलेलं नाही.”

“मग?”

“म्हणाले, एवढं काम करून वर एवढा विनय! काल बढतीचं पत्र आलं.”