हिरवं तिथं आबा

...आणि तो ठिपका मला तेव्हाच खटकायला हवा होता हो. मृग संपत आलेला, पावसाचा पत्ता नाही, अख्खा जिल्हा नकाशावर तपकिरी, आमचं फुलंब्रीकडचं गाव तर पार करपलेलं, आणि चितेगावपाशी एक हिरवागार ठिपका, तांदळाएवढा... तुम्हाला सांगते, मी भूगोल शिकते, शहरात छावणी भागात खोली घेऊन राहते, दिवसभर उपग्रहाचे नकाशे बघते. आमचे आबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात ते गावाकडं गवत उगवलं की परततात. मग हिरवं तिथं आबा, सोपं आहे की नाही?

त्यात चार दिवस त्यांचा फोन बंद. मी तर कुकरच्या शिट्टीलाही दचकते, माझं काय झालं असेल? घरमालकीण सारजाबाई म्हणते, "येवढं दिसतं त्यात, मंग बापाचं मुंडासं दिसंना व्हय गं?" मुंडासं कसं दिसेल, नकाशातला एक चौकोन जमिनीवर दहा मीटरचा असतो, पण हिरवं तर दिसतं ना, आणि हिरवं तिथं आबा...

मी लहान असताना शाळा उघडायच्या आत ते घरी असायचे, माझ्या नव्या दप्तरालाही मेंढरांचा वास यायचा. आता जुने नकाशे ओळीनं लावून बघितले, तर आमच्या शिवारातलं हिरवं वर्षागणिक पुढच्या तारखेला सरकतंय. म्हणजे आबाही. हे कुठल्या तक्त्यात मांडू, सांगा?

शेवटी रिक्षा केली, चितेगाव गाठलं. तर काय, कंपनीची हिरवळ, फवारे उडतायत, आणि फाटकावर वॉचमन पुंजाराम.

"मेंढरं? अवो ताई, इथं सायबाला बी गवतावर पाय ठिवू देत नाय."

"पण नकाशात तर..."

"मंग नकाशालाच इचारा की."

तिथंच उभी राहून पुन्हा फोन लावला, कितव्यांदा कोण जाणे, आणि...

"कोन? बाय, तू व्हय? चार्जिंग नव्हतं गं. गोदाकाठी हाव, गवत नाय, पर बाभळीच्या शेंगा हायेत, मेंढरं खुशीत. बरं, तुह्या नकाशात बघ, गावाकडं हिरवं झालं का? तू म्हनशील तवा निघतो."

आता बघा, नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. तीन दिवसांत दारात असता माणूस. आणि मेंढरांनी तिथं काय, माझी पदवी खायची?

म्हटलं, "नाही आबा... अजून नका येऊ."