भिजवलेलं उटणं

तारीख? हाव, लिहिलीय ना — डब्बा उलटा करा, बुडाला बघा. सुकं ठेवलं तर सहा महिने, भिजवलं की त्याच दिवशी संपवायचं. काय म्हणता, घरच्या उटण्याला कशाला तारीख? अहो बाई, आमच्या उदगीरचा जिल्हा होणार होणार ऐकून माझे केस पांढरे झाले, त्याला तारीख न्हाई ते चालतंय — पण अंगाला लावायच्या वस्तूला पायजेच!

का म्हणजे? आमच्या गल्लीत एक बाई होती. तुम्ही न्हाई वळखणार. दुष्काळाचं साल — लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, तेच. त्या बाईचं उटणं लई नावाजलेलं. शेजारच्या दानम्माच्या पोरीचं, शिवकांताचं लग्न निघालं, तर हळदीचं उटणं हिच्याकडंच. आता भिजवायचं कशात? नळ कोरडा. टँकर यायचा आठ दिवसाला, घरटी चार घागरी. टँकर आला सोमवारी, हळद रविवारी. पाणी राखून ठेवायचं म्हणता? ठेवलं असतं हो, पण घरात सासू, चार लेकरं, एक म्हैस — रविवारपर्यंत घागर राहती का? मग म्या सोमवारीच सगळं भिजवलं. बेसन, हळद, कोरफड, वर साय — चांगलं घमेलंभर. म्या म्हणजे... त्या बाईनं. हं. जाऊ द्या आता, मीच ती. गौरम्मा माझंच नाव.

रविवारी झाकण काढलं — बाई बाई! नाकात काडी घातल्यागत वास. वर हिरवी बुरशी. दारात वाजंत्री वाजून राहिली, दुसरं करायला तांब्याभर पाणी न्हाई. काय करणार? वरचं खरवडून टाकलं अन् अत्तराची अख्खी बाटली ओतली. मला वास कळला न्हाई का? कळला ना! म्हणून तर अत्तर ओतलं!

आधी नवऱ्या मुलाला लावलं, बसवंत त्याचं नाव, देवणीचा. त्याचंच उष्टं मग नवरीला. दुसऱ्या दिवशी अक्षता पडून राहिल्या अन् दोघं खाजवून राहिले. तो मान खाजवतोय, ही कोपर. तांबडे चट्टे, ह्ये एवढाले! नवऱ्याची आई उठली, म्हणाली, "टँकरचं पाणी नासकं हाय!" झालं. सोमवार होता, टँकर दारात आलेलाच; सगळा मांडव टँकरवाल्या नरसिंगवर धावला. त्याचा सदरा फाडला. अन् मी? मी पण ओरडले — "नासकंच हाय, नासकंच!" सगळ्यात मोठ्यानं.

नरसिंगनं रुसून आमची गल्लीच सोडली. आठाचे बारा दिवस झाले, टँकरचा पत्ता न्हाई. दानम्माची म्हातारी सासू दुसऱ्या गल्लीतनं कळशी आणून राहिली, ते बघवेना. मग गेले नरसिंगच्या घरी, सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, मला सांगून काय उपेग? सदरा सगळ्यांसमोर फाटला. सगळ्यांसमोर सांगा, तवाच पाइप सोडतो."

सांगितलं. घागरींची रांग लागलेली, मी टँकरजवळ उभी. बाया काय काय बोलल्या ते तुम्हाला न्हाई सांगत. रांगेत शिवकांता पण होती, माहेरपणाला आलेली, गळ्यावर चट्टे तसेच. मी म्हटलं, ही आता थुंकती माझ्या तोंडावर. ती जवळ आली, हळूच म्हणाली, "काकू, वास मला तवाच आला होता. पण तुमच्या चार घागरीतली एक त्यात गेली, हे ठाऊक होतं मला. कशी बोलू?"

...

काय बघून राहिल्या? काही न्हाई झालं मला. तुम्ही पण ना बाई — अर्धा तास उभ्या, डब्बा एक घेतला न्हाई अन् शिवकांताचं जे बोलणं सासूला पण सांगितलं न्हाई ते काढून घेतलं माझ्याकडून! घ्यायचं तर घ्या, न्हाईतर सरका. दारातला उजेड अडवून राहिल्या. सरका म्हणते ना!